कर्नेल नाही म्हणतो

आमच्या साडूंइतका विचारून वागणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तोही आधी ‘सापडू का?’ म्हणून विचारेल. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहणारे हे गृहस्थ तुमसरहून चिन्नोर तांदळाचं पोतं आणायचं झालं, तर आधी फोन करून बायकोला कोठीचं तोंड मोजायला लावतात. पवनीला एका लग्नात मिक्सरचा आहेर द्यायचा होता. तिथल्या बोर्डात त्याचा प्लग बसतो का, हे बघायला स्वारी हळदीच्या संध्याकाळीच टेस्टर घेऊन हजर. मांडववाल्यांना वाटलं, वीज कंपनीचा माणूस आला. त्यांनी घाईघाईने तारेवरचा आकडा उतरवला आणि नवरीला हळद अंधारात लागली.

असा माणूस संगणकाच्या नादी लागल्यावर काय होणार? सासूबाई गेल्या. त्यांचा आवाज उरला तो फक्त साडूंच्या एका जुन्या डिस्कवर, साडूंनीच काढलेल्या व्हिडिओत. माझ्या बायकोचा जीव त्यात अडकलेला, आणि साडू डिस्क जोडूच देईनात. डिस्कवर फायली मांडायची एक पद्धत असते, तिला फाइलसिस्टिम म्हणतात. ती कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कळते का हे आधी विचारायचं. साडूंनी विचारलं. कर्नेलने दाखवलेल्या यादीत आमची फाइलसिस्टिम नव्हती.

“नाही म्हनते तो, साडूभाऊ. जबरदस्ती केली अन् आईचा आवाजच गेला तं?”

कप्पाळ! डिस्क पुन्हा कपाटात गेली. बायकोचा चेहरा मात्र बघवत नव्हता.

शेवटी माझी साळी, म्हणजे साडूंची बायको, भाजी निवडता निवडता नवऱ्याला म्हणाली, “पंगतीत दिसत नाही म्हनजे गावातच नाही का? आवतन दिलं तरी पान मांडल्यावर पुन्हा बोलावनं धाडल्याबिगर कोनी येते का आपल्याकडे जेवाले? बसला असन घरी वाट पाहत.”

साडू थबकले. ती यादी फक्त येऊन बसलेल्यांची होती. कर्नेलची कित्येक मॉड्यूलं, म्हणजे फाइलसिस्टिम वगैरे ओळखणारे सुटे भाग, मशीनमध्ये असतात, पण बोलावल्याशिवाय हलत नाहीत. साडूंनी आज्ञा देऊन बोलावणं धाडलं, यादी पुन्हा काढली, तर आमची पाहुणी शेवटच्या ओळीत येऊन बसलेली. मग कुठे डिस्क जोडली.

पडद्यावर सासूबाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. सूप थांबवून म्हणाल्या, “जावईबापू, ठेवा ना आता ते डबडं. कवाचे उनात उभे हा तुम्ही.”

“हव आई, झालंच,” साडू पडद्याकडे पाहून बोलून गेले.

बायको रडता रडता हसली. मग तो व्हिडिओ आम्ही पुन्हा लावला, परत लावला, आणि दर वेळी त्या जागी आल्यावर साडूंनी तेच उत्तर दिलं.