रेघेबाहेरची खोली

“त्याले का होते? चढून बसन पलंगावर,” सेक्रेटरी काका म्हणाले आणि पार्किंगमध्ये जमलेले सगळे हसले.

‘तो’ म्हणजे आमचा चौकीदार. गेल्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी रस्त्यावरून सोसायटीत शिरलं, गाड्या बुडाल्या. म्हणून आता गेटमध्ये ॲल्युमिनियमच्या पाट्या बसवायचं ठरलं होतं. पाऊस वाढला की खांबांच्या खाचांत सरकवायच्या, पाणी ओसरलं की काढून ठेवायच्या. काकांनी मोबाइलवर समुद्रकाठच्या कुठल्याशा शहराचा व्हिडिओ दाखवला. भरती आली की तळाशी आडवी पडलेली दारं पाण्यातून उभी राहतात.

“ते समुद्र अडवून राहिले, आपल्याले नाला नाही अडवता येत?”

त्या व्हिडिओतली दारं शहराच्या पुष्कळ पुढे, खाडीच्या तोंडाशी होती. पाठीमागचं सगळं शहर आत. आमच्याकडे पाट्यांसाठी मारलेली खडूची रेघ मात्र चौकीदाराच्या खोलीच्या अलीकडे होती. तो, त्याची बायको, त्यांची शाळेत जाणारी मुलगी, सगळे रेघेबाहेर.

गेल्या वर्षी त्यांचे भिजलेले गहू त्याच्या बायकोने गच्चीवर वाळत घातले, तर सोसायटीच्या ग्रुपवर वासाची तक्रार आली. तक्रार करणाऱ्यांनी स्वतःच्या गाड्यांच्या सीटा त्याच गच्चीवर टाकल्या होत्या. त्या सीटांना बहुधा वास नसावा.

अशा मीटिंगांत मी बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे चारचौघांत मराठी बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो.

“खोली आत नाही घेता येत का जी?” समोरच्या फ्लॅटमधल्या आजींनी सहज विचारलं.

“मंग रेघ पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये जाईन. त्यांच्या गाड्या कुठं लावान?” काका म्हणाले.

“अन् पाट्या कोण लावन?” मागून कोणीतरी विचारलं.

“तोच लावन नं. गेटवरच तर राहते तो,” काका म्हणाले.

चौकीदार बाजूलाच उभा होता. “हो साहेब,” म्हणाला. त्याची बायको आम्हाला चहा देत होती. तिचा हात किटलीवर थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग खडूच्या रेघेकडे. कोणाचंच लक्ष नव्हतं. काका बिस्किटांचा पुडा फोडत होते.

या वेळी मी वाक्य जुळायची वाट पाहिली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

“काका, मग काकूंना त्या खोलीत बसवा, आणि पाट्या तुम्ही लावा.”