मिशी काढलेल्या काकाचा अर्ज

माझ्या पहिल्या नोकरीतलं पहिलं मोठं काम म्हणजे एक तक्ता होता. टॅक्सी बोलावण्याच्या, जेवण मागवण्याच्या ॲपना कोणत्या देशाचं सरकार कसे नियम लावतं आणि कुठे मदत करतं, हे त्यात मांडायचं होतं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. चीनमधल्या ॲपचा हिशेबी मेंदू, म्हणजे अल्गोरिदम, सरकारदरबारी नोंदवावा लागतो, अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात, आपलं सरकार तर ऑनलाइन खरेदी-विक्रीची खुली व्यवस्था स्वतःच उभारायला पुढे आलेलं. हे सगळं मी पळस्प्याजवळच्या आमच्या ओटीवर बसून वाचत होते आणि मला जेवणाचीही आठवण राहत नव्हती.

तेवढ्यात शेजारचा काका आला. परीक्षेच्या दिवसांत मला पनवेलच्या कॉलेजात आपल्या रिक्षाने सोडणारा हाच काका. आता तो ॲपवरची टॅक्सी चालवतो.

"बाय, ॲपवाल्यांनी माजा आयडी बंद केला. चार दिस झाले, गाडी दारात उभी हाय."

"कशासाठी?"

"नाय सांगत. फोन केला तर मशीन बोलतं."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि लक्षात आलं. आठवड्यापूर्वी त्याच्या वडिलांचं दहावं झालं होतं. डोकं तुळतुळीत, आणि ती झुपकेदार मिशीही नाही. ॲप सकाळी चालकाचा फोटो मागतं. यंत्राने जुना चेहरा आणि नवा चेहरा लावून पाहिला आणि ठरवलं, हा दुसराच कोणी गाडी चालवतोय. मी काकाला तसं सांगितलं.

"मंग आता मिशी येईस्तवर घरात बसू?"

मी तक्ता उघडला. त्यात 'मानवी पुनरावलोकन' असा एक रकाना होता.

"ह्ये काय लिवलंस?"

"म्हणजे यंत्राचा निर्णय माणसाने तपासायचा."

"मंग 'माणूस' लिव ना. मना पन कळंल."

मी खोडून 'माणूस' लिहिलं. युरोपपुढे मी लिहिलं होतं, नव्या कायद्यानुसार खातं बंद करायचं तर ते माणसानेच ठरवायचं. भारतापुढे मात्र घाईत 'तरतूद नाही' असं टाकून मी मोकळी झाले होते. काका समोर बसलेला असताना ते दोन शब्द मला टोचले. मी आपले नियम पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. तासाभराने सापडलं: कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव जाहीर करावं लागतं. ॲपच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत ते नाव होतं. एका बाईंचं.

"काका, माणूस सापडला."

आम्ही अर्ज लिहिला. वडील वारल्यावर मुलगा डोकं आणि मिशी का उतरवतो, हे मला कायद्याच्या भाषेत लिहायचं होतं. ते काही जमेना. शेवटी मी शाळेत निबंध लिहायचे तसं साधं लिहिलं आणि दहाव्याच्या आधीचा व नंतरचा असे दोन फोटो जोडून त्या बाईंना पाठवलं.

तिसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला. काकाने स्पीकर लावला.

"केस कधी कापलेत तुम्ही?"

"कापले नाय मॅडम, उतरवले. वडील गेले माजे."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आत्ताचा फोटो लावून घेते. मिशी आली की मात्र परत एक पाठवा हं."

आयडी चालू झाला आणि चहा संपायच्या आत उलव्याला जायचं भाडं आलं. चपलेत पाय घालता घालता काका म्हणाला, "बाय, नाक्यावर अजून चौघं डायवर हायत. कोनाचा आयडी का बंद झाला, कोनाला ठाव नाय. रविवारी घरी हायस ना?"

मी म्हटलं, आहे. आणि नवं पान उघडलं.