हेडलीचा उत्तरेकडचा खड्डा

हेडली थर्कटल बोलण्याआधी कवळी चोखतो. च्युक! मग वाक्य येतं, आणि ते बहुधा कुणाच्या तरी विरोधातच असतं.

एक्केचाळीस वर्षं तो आमच्या सेंट बोटॉल्फ चर्चच्या आवारात कबरी खणतोय. त्याच्याकडे एक लांब लोखंडी गज आहे. तो जमिनीत खुपसायचा, आणि मूठ कशी थरथरते यावरून सांगायचं, खाली पेटी आहे, दगड आहे की नुसती माती. हे गावात दुसऱ्या कुणालाच जमत नाही. त्यामुळे जमिनीखालचं गाव आपलंच, असं हेडलीला वाटायचं.

या उन्हाळ्यात चर्चची उत्तरेकडची भिंत खचली. पाया दुरुस्त करण्याआधी खाली काय आहे ते तपासायला पुरातत्त्वज्ञ डॉक्टर इस्मे टेट आल्या. वय तिशीचं, हातात तळहाताएवढी थापी आणि ब्रश.

"ब्रश!" च्युक. "मेलेल्यांची दाढी करणार की काय ही पोर?"

गावाला मात्र पोर भलतीच आवडली. चर्चचा कारभार बघणारी मॉड पास्क दर बुधवारी अकराला हेडलीसाठी मनुकांचा केक आणायची. आता ताट थेट डॉक्टरबाईंच्या खड्ड्याकडे जायला लागलं.

"मॉड, वाट चुकलीस."

"नाही रे. ती बिचारी दिवसभर गुडघ्यांवर असते, भूक लागते तिला."

"आणि मी काय आरामखुर्चीत बसून खणतो?"

"तुला ठेवलाय की एक तुकडा. कडेचा."

कडेचा! केक एका घासात संपला, शब्द त्याने आठवडाभर चघळला.

पुढच्या बुधवारी खड्ड्याभोवती गर्दी जमली. खाली हाडांची रास होती, सरपणासारखी नीट रचलेली. जाड हाडं तळाला, बारीक त्यांच्यावर, सगळ्यात वर कवट्या, प्रत्येकीचं तोंड पूर्वेला.

"मातीत सगळी खापरं सातशे वर्षांपूर्वीची आहेत," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "नवी कबर खणताना जुनी हाडं मध्ये आली, तर खणणाऱ्या या माणसाने एकही फेकलं नाही. किती मायेने रचलंय बघा."

मॉडने डोळे टिपले. "अशी माणसं आता कुठे राहिलीत?"

हेडलीचा चेहरा बिटासारखा झाला. "सातशे वर्षांपूर्वी वेळच वेळ होता माणसाला! गवत कापायचं नाही, पाद्रीबाबांचे फोन नाहीत..." बोलत बोलत तो खड्ड्यावर वाकला. जबड्यांची हाडं वेगळी, कोपऱ्यात ठेवलेली होती. तशी तोच ठेवतो.

त्र्याऐंशी साली इथून पाण्याचा पाइप गेला, तेव्हा कामगार हाडं ढकलगाडीत भरत होते. बिशपांच्या परवानगीशिवाय इथलं हाडही हलवायचं नाही, असा नियम. हेडलीने कुणाला न सांगता ती उचलून इथे पुरली होती. आता सांगावं तर एक्केचाळीस वर्षांची आवाराच्या फाटकाची किल्ली, म्हणजे नोकरीच, जाणार. पाद्रीबाबा तर समोरच उभे. गप्प बसावं तर मॉडचे अश्रू त्या सातशे वर्षांपूर्वीच्या बाप्याला!

त्याने मॉडच्या रुमालाकडे पाहिलं.

"तो माणूस मी आहे."

सगळे हसले. मॉड सगळ्यांत जोरात.

"तळाला, डाव्या कोपऱ्यात मार्मलेडची बरणी आहे. काढ पोरी."

प्रत्येक हाडाची नोंद करत तळ गाठायला शुक्रवार उजाडला. बरणी निघाली. आत चिठ्ठी: 'पाइपच्या वाटेतून बाजूला, आदराने ठेवले. एच. थर्कटल, एप्रिल १९८३.'

डॉक्टरबाईंचे कान लाल झाले. "मिस्टर थर्कटल, चुकलंच माझं. तुम्ही खापरांसकट जुनीच माती परत लोटलीत."

"मग काय, दुकानातून आणू?"

पाद्रीबाबा खाकरले. "हेडली, परवानगी..."

"नव्हती." त्याने किल्ली पुढे केली.

पाद्रीबाबांनी बरणी पाहिली, मग किल्ली. "बिशपांना कळवावं तर लागेल. तोवर ठेव तुझ्याकडेच."

मॉडने, शुक्रवार असूनही, केक आणला होता. बरोब्बर मधला तुकडा तिने हेडलीच्या हातावर ठेवला.

तेवढ्यात खड्ड्यातून डॉक्टरबाईंची हाक आली. बरणीखालच्या मातीचा रंग वेगळा होता. ब्रश फिरला आणि खाली आणखी एक रास दिसली. जाड हाडं तळाला, कवट्या वर, तोंडं पूर्वेला. आणि ही खरोखरच सातशे वर्षांपूर्वीची.

सगळ्यांनी हेडलीकडे पाहिलं. त्याने केक खाली ठेवला, काठावर ओणवा झाला, आणि बराच वेळ निरखत राहिला.

च्युक.

"जबडे वेगळे ठेवलेले नाहीत."