रशीदभाईंचा नियम

किस्से काही आम्ही मुद्दाम गोळा करत नाही. आम्ही फक्त ग्लायडरची स्पर्धा घेतो आणि तिचे नियम लिहितो. पण प्रत्येक नियमाखाली एक माणूस दडलेला असतो, त्यामुळे नियमांचा कागद घडीतून काढला की किस्से आपोआप बाहेर पडतात. पहिल्या वर्षी चार नियम होते, अर्ध्या पानात मावले. आता दोन पानं पाठपोट भरली आहेत!

स्पर्धा तशी साधी. बाल्साच्या हलक्या लाकडाचं नाहीतर थर्माकोलचं ग्लायडर, इंजिन नाही, बॅटरी नाही, हाताने फेकायचं. ज्याचं जास्त वेळ हवेत राहील तो जिंकला. जालन्याबाहेर एका शाळेचं मोठं मैदान आहे, तिथं दर हिवाळ्यात एका रविवारी जिल्हाभरातून तीस-चाळीस माणसं जमतात. नियम लिहितात जाधव सर, निवृत्त विज्ञान शिक्षक. मी चित्रकलेचा मास्तर; अक्षर बरं आहे म्हणून नोंदणीच्या टेबलावर बसवलेला. कोणाला घ्यायचं ते सर ठरवतात, मी लिहितो. शिव्या मात्र दोघांनाही सारख्याच!

नियमांना आम्ही आकड्याने ओळखत नाही. ज्याच्यामुळे नियम करावा लागला, त्याच्या नावाने ओळखतो.

*

सगळ्यात जास्त नियम घनसावंगीच्या बप्पांच्या नावावर आहेत. बप्पा म्हणजे जुनं जमीनदार घराणं, घरचा ऊस, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि नियमातली फट शोधायचा नाद.

पहिल्या वर्षी ते काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावर ग्लायडर बांधून आले. एकेक पंख पुरुषभर लांब! जीपवाल्याने त्याचं अर्धं तिकीट घेतलं म्हणे.

जाधव सर म्हणाले, "बप्पा, हे ग्लायडर आहे का लग्नाचा मांडव?"

बप्पा म्हणाले, "किती लांब पायजे ते लिव्हलंय का कुठं?"

नव्हतं लिहिलं. बप्पा आणि त्यांचा चुलतभाऊ, दोघांनी मिळून ते फेकलं. ते सरळ पोह्यांच्या गाड्यावर जाऊन बसलं. त्या दिवशी पोहे कोणाला मिळाले नाहीत.

दुसऱ्या वर्षी सरांनी नियम केला: पंखाची लांबी साठ सेंटीमीटरच्या वर नको. बप्पा आले. ग्लायडरला एकावर एक तीन मजले पंख!

"टेप लावा सर. हरेक पंख बराबर साठ हाये. पंख किती पायजेत ते लिव्हलंय का?"

हे झाले 'बप्पा एक' आणि 'बप्पा दोन'. सध्या आम्ही 'बप्पा पाच'वर आहोत.

*

रशीदभाईंच्या नावावर मात्र एकच नियम आहे. तो त्यांनी काहीही लबाडी न करता मिळवला.

रशीदभाई टेंभुर्णीचे. दारं, खिडक्या, चौकटी बनवतात. स्पर्धेच्या दुसऱ्याच वर्षी ते जुन्या चादरीत गुंडाळलेलं ग्लायडर घेऊन आले. नाव लिहायच्या आधी म्हणाले, "एक डाव फेकून पाहतो." आणि फेकलं.

आम्ही सगळे वर बघत उभे राहिलो. मी हातातला चहा पिऊन संपवला, तरी ते वरच होतं. दोन घारींनी येऊन पाहणी केली. ते खाली उतरलं तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत, मैदानावर सभा भरली.

"सुतार मानूस आल्यावर आमी काय माती खायची का?" बप्पांनी विचारलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

जाधव सर वाईट माणूस नाही. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि पेनाने तिथल्या तिथे नियम लिहिला: लाकूडकामावर पोट असणाऱ्या व्यावसायिकांना प्रवेश नाही.

"ही हौशी लोकांची स्पर्धा आहे, रशीदभाई. पैलवान आणि पोरं एका आखाड्यात कशी सोडायची?"

"सर, म्या चौकटी बनवतो," रशीदभाई म्हणाले. "चौकट हवेत उडत न्हाई. त्येचा ह्येच्याशी काय संबंध?"

"हात तोच आहे ना?"

रशीदभाईंनी ग्लायडर परत चादरीत गुंडाळलं. मी त्यांच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलं. अक्षर फार छान आलं होतं, त्याची मला लाज वाटली.

*

दुसरा कोणी असता तर परत आला नसता. रशीदभाई दर वर्षी यायला लागले. पहाटेची एसटी, बगलेत चादर, टेबलावर पहिला नंबर.

अर्जात 'व्यवसाय' असा एक रकाना आहे. एका वर्षी त्यांनी तिथं 'शेती' लिहिलं. टेंभुर्णीला त्यांची अर्धा एकर आहे, खोटं काही नव्हतं. जाधव सरांनी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. खिशातून सुताराची चपटी पेन्सिल डोकावत होती.

"ज्वारी मोजायला का ही?" सरांनी विचारलं. अपात्र!

पुढच्या वर्षी त्यांनी तो रकाना कोराच ठेवला. सर म्हणाले, "व्यवसाय?"

"आज इतवार हाये, सर. इतवारी म्या सुतार न्हाई."

सर हसले. मीही हसलो. मग मी 'अपात्र' लिहिलं.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, "कशाला येता हो एवढा खर्च करून?"

ते म्हणाले, "मास्तर, बक्षीस नको मला. बिलकुल नको. एकदा रीतसर नंबर लागला पायजे, आन् सगळ्यांच्या बराबरीनं फेकायला मिळालं पायजे. बस. मंग हरलो तरी घरी बसतो."

*

जिल्ह्यातल्याच रहिवाशाला प्रवेश, असाही नियम आहे. नकाशावर तो फार सोपा दिसतो.

एकदा गोदाकाठचा एक माणूस आला. जाधव सरांनी विचारलं, "राहता कुठं?"

"झोपायला का जागायला?"

नदीच्या अलीकडे त्याचं शेत, शेतातली झोपडी, बैल आणि भाऊ. पलीकडच्या जिल्ह्यात घर आणि बायको. सर म्हणाले, "आधारकार्ड कुठलं आहे?"

"पलीकडचं."

"मग तुम्ही पलीकडचे."

"असं कसं? बायकोशी भांडण झालं का म्या इकडंच असतो!"

"भांडण होतं कधी?"

"सर, लग्नाला बावीस वर्षं झाली."

सरांनी दहा मिनिटं विचार केला आणि त्याला प्रवेश दिला. नियम बदलला नाही, फक्त पुढे लिहिलं: समितीचा निर्णय अंतिम राहील.

*

साठीच्या पुढच्या लोकांचा वेगळा गट आहे. त्यांना एक फेक जास्त मिळते, म्हणून त्या गटात शिरायला मोठी चढाओढ! तारखा तपासाव्या लागायच्या म्हणून सरांनी जन्मतारखेचा पुरावा सक्तीचा केला.

नऊ जण रांगेत उभे राहिले. पहिल्याची तारीख एक जून. दुसऱ्याची एक जून. तिसऱ्याचीही एक जून! सहाव्याला सरांनी चष्मा काढला.

"तुमच्या गावात एक जूनशिवाय कोणी जन्मालाच येत नाही का?"

केदारखेड्याचे एक आजोबा पुढे झाले. "जन्माला कवाबी येतेत सर. पण शाळेत घालायला गुरुजी एकच व्हते."

*

आता जरा नाजूक विषय.

रशीदभाईंना प्रवेश बंद झाला, तसा त्यांचा नवाच धंदा सुरू झाला. पहिल्यांदा बप्पा गुपचूप टेंभुर्णीला जाऊन आले. मग भोकरदनचे एक डॉक्टर गेले. मग कोण गेलं नाही ते सांगणं सोपं! रशीदभाई रोख पैसे घ्यायचे आणि ग्लायडर बनवून द्यायचे. त्यांच्या ग्लायडरच्या शेपटीचा कोपरा गोल घासलेला असतो. नोंदणीच्या टेबलावर बसून मी तो कोपरा इतक्यांदा पाहिला आहे, की मोजणं सोडून दिलं.

जाधव सरांना वास आला. त्यांनी डॉक्टरांना थांबवलं.

"हे तुम्ही स्वतः बनवलं?"

"अर्थात!"

"पंखाला हा बाक कसा दिला?"

डॉक्टरांनी ग्लायडर उलटंपालटं करून पाहिलं. "जन्मतःच आहे," ते म्हणाले.

त्या वर्षापासून अर्जावर सही घ्यायला लागलो: हे ग्लायडर मी स्वतः बनवले आहे, तसे नसल्यास मला बाद करावे. सगळे सह्या करतात. डॉक्टरांची सही तर इतकी घाईची, की ती सही आहे का औषध, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

रशीदभाई बाजूला उभे राहून हे सगळं पाहायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तर, धंदा नव्हता तव्हा मला धंदेवाला म्हन्ले. आता धंदा करून राह्यलो, तर बाकीचे समदे हौशी!"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण बोलायचं काम सरांचं, माझं लिहायचं.

*

मैदानाला लागून तुरीचं शेत आहे. एकदा कोणाचं तरी ग्लायडर वाऱ्याने भरकटून त्या तुरीत उतरलं. थोड्या वेळाने शेतवाल्या काकू ते घेऊन टेबलावर आल्या. आम्ही आभार मानायला उठलो.

"आभार ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "माझं नाव लिव्हा जल्दी. म्याबी फेकते."

जाधव सर समजावून सांगायला लागले, "ताई, ग्लायडर स्वतः केलेलं लागतं."

"माझ्या वावरातून निघलं ते माझंच की!"

सरांनी नियमांची दोन्ही पानं पाठपोट वाचली. वावरातून निघालेल्या ग्लायडरबद्दल त्यात काही नव्हतं. शेवटी काकूंना स्पर्धेबाहेरची एक फेक दिली. त्यांनी ढेकूळ भिरकावल्यासारखं फेकलं, आणि ते त्या दिवशीच्या पहिल्या तिघांपेक्षा जास्त वेळ हवेत राहिलं! कागदावर त्याची नोंद नाही.

*

हे मागच्याच हिवाळ्यातलं.

उद्घाटन कोणाच्या हस्ते करायचं यावर एकमत होईना, म्हणून जाधव सरांनीच उद्घाटनाचं ग्लायडर फेकलं. त्यांनी आजवर कधी ग्लायडर आणलं नव्हतं. "दिवाळीच्या सुट्टीत बसून बनवलं," ते माइकवर म्हणाले. सुंदर गेलं. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. सरांनी ते उचलून आणलं आणि माझ्या टेबलावर, माझ्यासमोरच ठेवलं. मी शेपटीचा कोपरा पाहिला आणि अर्ज चाळायला लागलो.

मग रशीदभाई आले. चादर, अर्ज, पहिल्यासारखंच सगळं; फक्त या वेळी सगळ्यांच्या शेवटी.

सर म्हणाले, "रशीदभाई, दर वर्षी तेच काय? तुम्ही व्यावसायिक आहात."

"कशाचा, सर?"

"आता चौकटींचं सोडा. तुम्ही ग्लायडरच बनवून विकता. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हाईत हाये?"

"सगळ्यांना!"

"मंग विचारू का?"

सर म्हणाले, "खुशाल विचारा." रशीदभाईंनी माइक घेतला. त्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच धरला असावा, कारण दोन्ही हातांनी धरला.

समोर छत्तीस स्पर्धक आपापलं ग्लायडर घेऊन रांगेत उभे होते. सगळ्यांच्या सह्या झालेल्या, सगळे अर्ज माझ्या हाताखाली.

"नमस्कार," रशीदभाई म्हणाले. "म्या टेंभुर्णीचा रशीद. माझ्याकडून ज्यानं ज्यानं पैसे देऊन ग्लायडर नेलं असंल, त्यानं हात वर करावा. एकानं जरी केला, तरी म्या धंदेवाला. ह्या मैदानात परत पाऊल ठेवनार न्हाई."

पोहेवाल्याने झारा हलवायचा थांबवला. डॉक्टर आभाळात काहीतरी बघायला लागले. बप्पांना कानाशी खाज सुटली असावी, त्यांचा हात अर्ध्यावर आला आणि दचकून खाली गेला.

रशीदभाईंनी पुरता वेळ दिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेका तोंडाकडे शांतपणे पाहिलं. कोणाचाही हात वर नाही.

रांग संपली. मग त्यांनी माइक खाली केला, वळून शेजारी उभ्या असलेल्या जाधव सरांकडे पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "तुमी, सर?"

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा हो मास्तर यांचं नाव." आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.