चित्रातलं मोकळं कपाळ

त्या बाई मला हळदीकुंकवाला भेटल्या. दिल्लीतल्या मराठी बायकांचा कार्यक्रम होता आणि छावणीतून आम्ही फौजींच्या चार-पाच बायका बसने गेलो होतो. तिथे नऊवारी नेसलेली मी एकटीच. बाकी सगळ्यांच्या टिकल्या, माझं मेणावरचं कुंकू. मी खाली बघून कोपऱ्यात बसले होते. त्या बाई चित्रं काढायच्या, जुन्या चित्रांवर लिहायच्याही. जन्म दिल्लीतला, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच हिंदीत जायच्या. म्हणाल्या, "तुम्ही बिल्कुल तशाच बसल्या आहात, जशी मला हवी होती. माझ्या घरी याल? फक्त बसायचंय."

नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

शेजारच्या वहिनी साताऱ्याकडच्या. त्या म्हणाल्या, "जा की गं. इथं तरी भिंतीकडं बघत बसतेसच. तिथं बसलीस तर चित्र तरी होईल."

हे तेव्हा सीमेवर होते. तिकडे बायकामुलांना नेता येत नव्हतं, म्हणून मी आणि मुलगी क्वार्टरमध्ये मागे राहिलो होतो. आठवड्याला एक पत्र यायचं.

मुलगी शाळेत गेली की मी नोएडाची बस धरायची. रस्त्याला थंड पेयांचे, टीव्हीचे मोठे बोर्ड नवे लागले होते. प्रत्येकावर एक बाई हसत असायची. बाईंचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि समोर नुसत्या अर्धवट इमारती, वर सळया, खिडक्यांच्या जागी काळी भोकं. त्या भोकांकडे तोंड करून मला बसवायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी एक जाडजूड पुस्तक उघडलं. त्यात देवी, राण्या, सगळ्या नऊवारीत. "या देवी नाहीत हां," त्या म्हणाल्या. "चित्रकारासमोर कुणीतरी बाई उभी राहिली असेल ना? त्याचं नाव सगळ्यांना माहीत. हिचं कुठेच लिहिलेलं नाही." मी नीट बघितलं. लक्ष्मीचा एक पाय अवघडल्यासारखा दिसत होता. अशाच लक्ष्मीची तसबीर माझ्या देव्हाऱ्यात होती. तिच्याही पायाला मुंग्या आल्या असतील असं मनात आलं, आणि घरी जाऊन मी दिवा लावताना माफी मागितली.

"तिला दागिन्यांनी झाकून टाकलंय," बाई म्हणाल्या. "मी तिला मोकळी करणार."

पूर्ण होईपर्यंत त्यांनी मला चित्र दाखवलं नाही. मी बारा-तेरा वेळा गेले असेन. त्याच दिवसांत ह्यांचं पत्र यायचं थांबलं. पहिला आठवडा मी पोस्टाला दोष दिला. तिसऱ्या आठवड्यात वहिनीही पत्राबद्दल विचारेनाशा झाल्या.

आणि मग बाईंनी कापड बाजूला केलं.

डोळे माझे होते. हात माझे होते. पदराची चुणीसुद्धा माझी. पण कपाळ कोरं, गळा मोकळा, हातात एक बांगडी नाही.

"कशी वाटली? ही आता कुणाची बायको नाही, कुणाची देवी नाही. ही फक्त ती आहे."

"छान आहे," मी म्हणाले. बसमध्ये मी सारखी गळ्यातली पोत चाचपत होते.

वहिनींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "नवरा जिवंत असताना असं चित्र? आणि तू बसलीस गं त्याला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीत जीप आली. अवेळी आलेली जीप म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एकामागून एक दारं लागली. मी दाराला आतून पाठ लावून उभी राहिले. जीप थांबली, इंजिन चालूच होतं, मग पुढे गेली. रस्ता चुकली होती.

सकाळी मी नोएडाला गेले. "बाई, तिला एवढं कुंकू लावा."

"तेच तर काढून टाकायचं होतं," त्यांनी मला समोर बसवून समजावलं. "तुम्ही भीतीने मागताय."

"हो, भीतीनंच मागतेय."

"ते लावलं की ती परत जुनीच बाई होते. समजून घ्या ना." तेवढ्यात आतला फोन वाजला आणि त्या उठल्या.

मी माझ्या कपाळावरचं कुंकू बोटाने घेतलं आणि चित्रातल्या तिच्या कपाळाला लावलं. रंग अजून ओला होता. बोट आत रुतल्यासारखं झालं.

"अरे, हे काय केलंत!" बाई धावत आल्या. फडकं तेलात बुडवून त्यांनी ते पुसलं. लाल रंग भुवईवर आला, मग डोळ्यावर. पुसतील तसा तो पसरत गेला. माझ्याच चेहऱ्यावरून लाल ओघळ उतरताना मी समोर बघत होते.

"मग माझा चेहरा काढून टाका," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

"चेहरा काढला तर राहिलं काय?"

"साडी राहू द्या. साडी कुणाचीही असते."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग पातळ पात्याची सुरी घेतली आणि खरवडायला लागल्या. करपलेलं पातेलं घासताना येतो तसा आवाज येत होता. पूर्ण निघेपर्यंत मी हलले नाही.

पुढच्या आठवड्यात ह्यांची तीन पत्रं एकदम आली. बर्फाने रस्ता बंद होता. मी ह्यांना काहीच कळवलं नाही.

वर्षाने बाईंच्या प्रदर्शनाचं कार्ड आलं. हे रजेवर होते, म्हणाले, चल, बघून येऊ. मोठ्या पांढऱ्या भिंतीवर ती एकटीच होती. नेसण नीट, हात मांडीवर, आणि मानेच्या वर खरवडलेली राखाडी जागा. एक मुलगी शेजारचा कागद मैत्रिणीला वाचून दाखवत होती की इतिहासाने हिचा चेहरा पुसून टाकला. मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे जवळ जाऊन निरखून बघत होते. "अगं, साडी तुझ्यासारखीच आहे की. हिला तोंड का नाही?"

"असेल काहीतरी. चला."

"थांब ना, बघू दे."

ह्यांची रजा चार दिवसांनी संपत होती. मी ह्यांचा दंड धरला आणि ह्यांना तिच्यासमोरून बाहेर ओढत आणलं. चारचौघांत मी ह्यांना त्याआधी कधी हात लावला नव्हता.