कोपरापासून नमस्कार

व्हर्ना कोल्टरमन गावातल्या निम्म्या डोक्यांचे केस कापते आणि शनिवारी दुपारी शाळेच्या अमेरिकन फुटबॉलला पंच म्हणून उभी राहते. नेब्रास्कात हल्ली पंच मिळत नाहीत, त्यामुळे गावच्या सामन्यालाही गावचीच माणसं. ती तापट आहे. तिच्या हातात कात्री असते तोवर सगळे गोड बोलतात, मैदानात मात्र, "व्हर्ना, डोळ्यांवर केस आलेत बघ, कापून घे."

त्या शनिवारी हरणाऱ्याचा हंगाम संपणार होता. आम्ही एका गुणाने पुढे, जेमतेम मिनिट उरलेलं, चेंडू आमच्याच गोलरेषेपासून चार यार्डांवर. आमच्या पोराने मागे सरकून, थेट रेषेमागच्या गोलच्या पट्ट्यात उभं राहून चेंडू लांब फेकला. तो झेललाही गेला. पण त्याच पट्ट्यात आमच्या ब्रॉकने धावून येणाऱ्या पाहुण्या संघातल्या पोराची गचांडी धरली होती. व्हर्नाने नियमभंगाचा पिवळा रुमाल टाकला.

मुख्य पंच डेल्बर्ट हासे तिला कडेला घेऊन आला. यार्ड मोजायची साखळी धरून मी तिथेच उभी होते.

"शिक्षा डाव सुरू झाला तिथून मोजू," तो हळूच म्हणाला. "चाराचे दोन यार्ड होतील, चेंडू आपल्याकडेच राहील. ही चूक सगळेच पंच करतात."

"चुकून करतात, डेल्बर्ट."

"त्यांच्या कोचला कळलेलंसुद्धा नाही."

"तुला कळलंय ना? जिथे धरलं तिथून मोजायचं. धरलं गोलच्या पट्ट्यात. म्हणजे त्यांना दोन गुण."

"अगं, याच गावात राहायचंय आपल्याला."

"मग राहा मान खाली घालून. मागून छान दिसते, मीच कापते."

खूण करणं डेल्बर्टचं काम. तो टोपीच सारखी करत बसला. व्हर्ना ताडताड मैदानाच्या मध्यावर गेली आणि दोन्ही तळवे डोक्यावर जोडून उभी राहिली. दोन गुणांची खूण तीच. पण तिचा चेहरा पाहिला तर साऱ्या गावाला कोपरापासून नमस्कार घातल्यासारखी.

एका गुणाने हरलो.

सोमवारी व्हर्नाच्या दुकानात माझ्याशिवाय कुणी फिरकलं नाही. दुपारी डेल्बर्ट आला, टोपी हातात घेऊन.

"मानेवरचे जरा वाढलेत."

व्हर्नाने झाडू भिंतीला टेकवला आणि दोन्ही तळवे डोक्यावर जोडले.

"ती खूण मी करायला हवी होती," तो म्हणाला.

"हो."

तो वळला; त्याच्यामागे दार लागेपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.