बुजलेल्या नाकाचा टाक

निजामाच्या अमलात मी गेवराईकडच्या एका जहागीरदारांच्या कुतुबखान्यात नोकरीला होतो. खाली फारसी ग्रंथ आणि मोडीची बाडं, माडीवर तसबिरी, हत्यारं, जुने देव. दुरून विद्वान यायचे आणि आठ-आठ दिवस वाचत बसायचे. सगळं नेटकं ठेवायचं काम माझं, आणि त्या नेटकेपणाची मला भारी घमेंड होती.

एका वर्षी जहागीरदारांनी प्लेगात ओस पडलेल्या घरांमधले चांदीचे टाक आणवले. आपल्याकडे घरातला कर्ता माणूस गेला की त्याचा टाक करून देवघरात बसवतात. घोड्यावरचा स्वार, बोटभर उंच. वर्षानुवर्षांच्या हळदीनं सगळे काळेपिवळे झालेले. हैदराबादेहून पाहुणे येणार म्हणून मी ते रिठ्याच्या पाण्यात घासले. एकाचं तर नाकच हळदीत बुजलं होतं. ते बाभळीच्या काट्यानं कोरून काढलं आणि स्वतःवरच खूश झालो. मग सगळे लाल मखमलीवर ओळीनं मांडले.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी एक धनगरीण आली. तिचं माहेर प्लेगात उजाड झालेलं. पायतण दाराबाहेर काढून ती उंबऱ्याशीच थबकली.

"दादा, माज्या बापाचा टाक हितं हाय म्हनं. मागत न्हाई मी, निस्ती पाया पडते."

"ओळखशील का?"

"न वळखायला काय झालं? आईनं हळद लावून लावून बापाचं नाक बुजवलंय."

मी तिला आत मखमलीपाशी नेलं. ती वाकून एकेक टाक बघत शेवटपर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून बघत आली.

"समद्यांलाच नाक कावून हाय हो, दादा?"

"मीच घासलं, बाई." कोणता तो मलाही सांगता येईना. घासल्यावर सगळे सारखेच दिसत होते. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं पदराची गाठ सोडली आणि ओळीतल्या प्रत्येक टाकाला हळद लावली.

"दुसऱ्याचा बाप असला, तरी त्याला तरी कोन उरलंय?" म्हणाली आणि पायतण घालून चालू लागली.

मखमलीवर हळद सांडली होती. पाहुणे सकाळी यायचे होते. दिवेलागणीला मी पुन्हा रिठे भिजत घातले.